प्रोग्रॅम कोणत्या डिरेक्टरीत टाकला यावरून लिनक्सवर त्याचा वेग ठरतो का?

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच मुद्द्याभोवती फिरणारे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. आज्ञा आणि डिरेक्टऱ्यांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत आणि, वेगळं सांगितलं नसेल तर, लहान अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू आहे. सिस्टीम २५६ जीबीच्या एसएसडीवर आहे. १ टीबीची हार्ड डिस्क दोन्हींसाठी सामाईक असून ती /डेटा इथे माउंट होते, म्हणजे जोडली जाते. एका ड्रॉइंग सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर कुठे बसवायचं ते विचारतो. /ऑप्ट, /यूएसआर/लोकल की स्वतःच्या होममध्ये? /यूएसआर/बिनमधले प्रोग्रॅम सिस्टीमच्या ‘जवळ’ असल्यामुळे सगळ्यात जलद चालतात, असं मित्राचं म्हणणं आहे. ते बरोबर आहे का?
— वाचक, नाशिक

उत्तर : नाही. डिरेक्टरीच्या नावात वेग नसतो. /यूएसआर/बिन, /ऑप्ट आणि तुमचं होम हे तिन्ही एकाच एसएसडीच्या एकाच पार्टिशनवर असतील, तर तोच प्रोग्रॅम तिन्हीकडून सारख्याच वेगानं चालेल.

प्रोग्रॅम सुरू करताना काय घडतं ते पाहिलं की याचं कारण कळतं. तुम्ही दिलेला पत्ता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तुकड्यातुकड्यांनी वाचतो. आधी मूळ डिरेक्टरी, मग ‘ऑप्ट’, मग आतलं फोल्डर, शेवटी फाइल. प्रत्येक पायरीला ‘या नावाची नोंद कुठे आहे’ हे शोधावं लागतं. एकदा सापडलेल्या नोंदी कर्नल मेमरीत जपून ठेवतो. त्या साठ्याला डीकॅशे म्हणतात. तिथून एक नाव शोधायला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ पुरतो, म्हणजे पत्ता दहा पातळ्या खोल असला तरी सगळा हिशेब काही मायक्रोसेकंदांतच संपतो. फाइल एकदा उघडली की पत्त्याचं काम संपलं. त्यानंतर कर्नलला फाइलचा फक्त आयनोड, म्हणजे तिची फाइल सिस्टीममधली मूळ नोंद, लागतो. प्रोग्रॅममधली मशीन कोडची पानं मेमरीत जोडली जातात आणि पुढचं काम प्रोसेसर आणि रॅममध्ये होतं. ती फाइल कोणत्या नावाच्या फोल्डरातून आली, याच्याशी प्रोसेसरचा काही संबंध उरत नाही.

नावामागे कोणतं उपकरण आणि कोणती फाइल सिस्टीम आहे, हे मात्र फार महत्त्वाचं आहे. लिनक्समध्ये सगळ्या डिस्क एकाच झाडाला टांगलेल्या असतात, त्यामुळे दोन शेजारी फोल्डर दोन वेगळ्या डिस्कवर असू शकतात आणि नुसतं नाव पाहून ते ओळखता येत नाही. ते शोधायला दोन आज्ञा पुरतात. ‘फाइंडमाउंट -टी /ऑप्ट’ (टी मोठी) ही आज्ञा तो पत्ता कोणत्या पार्टिशनवर, कोणत्या फाइल सिस्टीमवर आणि कोणत्या माउंट पर्यायांसह आहे ते दाखवते. ‘एलएसबीएलके -ओ नेम,रोटा,साइझ,माउंटपॉइंट’ मध्ये रोटा या रकान्यात १ असेल तर ती फिरणारी हार्ड डिस्क, ० असेल तर एसएसडी. यूएसबीनं जोडलेल्या काही डिस्कच्या बाबतीत हा आकडा चुकतो. तिथे डिस्कवरचं लेबल पाहावं.

फरक किती पडतो? ५४०० आरपीएमच्या लॅपटॉप हार्ड डिस्कला हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद लागतात. डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला त्याहून अधिक. असं एक वाचन साधारण १२ ते १८ मिलिसेकंदांत होतं, म्हणजे विखुरलेली वाचनं सेकंदाला ६० ते ८० च्या घरात. साटा एसएसडीवर हाच आकडा हजारोंत जातो. मोठा प्रोग्रॅम उघडताना शेकडो लायब्ररी, आयकॉन, फाँट अशा लहान फाइली वाचल्या जातात. हार्ड डिस्क घरघरत असताना खिडकी उघडायला २०–३० सेकंद लागतात आणि एसएसडीवर तीच दोन-तीन सेकंदांत येते, ती या विखुरलेल्या वाचनांमुळे. सलग वाचनाचा वेग इथे दुय्यम आहे. जाहिरातीतला ‘५५० एमबी प्रति सेकंद’ हा आकडा सलग वाचनाचा असतो.

हा फरक बहुतेक वेळा पहिल्यांदा उघडताना दिसतो. एकदा वाचलेली पानं कर्नल रिकाम्या रॅममध्ये ठेवून देतो. या साठ्याचं नाव पेज कॅशे. प्रोग्रॅम बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा उघडला तर हार्ड डिस्कवरचा प्रोग्रॅमही चटकन येतो, कारण तेव्हा डिस्कला हात लागतच नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. रॅम कमी पडू लागली की कर्नल आधी काय टाकून देतो? ज्या पानांची प्रत डिस्कवर आहेच, ती. प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड नेमका याच वर्गात मोडतो. तो स्वॅपमध्ये (रॅम कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) लिहिला जात नाही, सरळ टाकला जातो आणि लागेल तेव्हा मूळ फाइलमधून पुन्हा वाचला जातो. म्हणून ८ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरचे चाळीस टॅब आणि ड्रॉइंग सॉफ्टवेअर एकत्र चालू असेल, तर हार्ड डिस्कवर बसवलेला प्रोग्रॅम मधेच काही सेकंद गोठतो. हेच घडतंय का ते तपासायला प्रोग्रॅम ‘/यूएसआर/बिन/टाइम -व्ही’ यामागून चालवा. पूर्ण पत्ता द्यावा लागतो, कारण नुसतं ‘टाइम’ लिहिलं तर शेलची अंगभूत आज्ञा चालते आणि तिला -व्ही कळत नाही. ही आज्ञा नसेल तर ‘टाइम’ नावाचंच पॅकेज बसवा. प्रोग्रॅम बंद केल्यावर येणाऱ्या यादीत ‘मेजर पेज फॉल्ट’चा आकडा पाहा. पहिल्या सुरुवातीला तो काही शेकडे असणं साहजिक आहे. लगेच दुसऱ्यांदा चालवतानाही तो हजारोंत गेला, तर रॅम अपुरी आहे आणि प्रोग्रॅम कोणत्या डिस्कवर आहे याचा फटका काम चालू असतानाही बसतोय.

आता तुमच्या /डेटाबद्दल. ती डिस्क विंडोजबरोबर सामाईक आहे, म्हणजे बहुधा एनटीएफएस. तिथे प्रोग्रॅम बसवू नका. एनटीएफएस-थ्रीजी हा जुना मार्ग कर्नलबाहेरून, फ्यूज नावाच्या सोयीमार्फत चालतो. त्यात प्रत्येक फाइल उघडताना कर्नल आणि बाहेरची प्रक्रिया यांच्यात फेऱ्या होतात आणि लहान फाइलींना तो खर्च जाणवतो. २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एनटीएफएस३ हा कर्नलमधला ड्रायव्हर आला आणि वेगाची तक्रार कमी झाली. परवानग्यांचा प्रश्न मात्र राहतोच. लिनक्सचे मालक, गट आणि एक्झिक्युट बिट तिथे नीट टिकत नाहीत. विंडोज ‘फास्ट स्टार्टअप’नं बंद झालं असेल तर डिस्क फक्त वाचनासाठी माउंट होते, आणि मग प्रोग्रॅमला स्वतःची सेटिंग लिहिता येत नाहीत.

आमचा सल्ला : सॉफ्टवेअर एसएसडीवर /ऑप्टमध्ये बसवा. स्वतःचं सगळं सामान एकाच फोल्डरात ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठीच ती जागा आहे. सोर्सपासून स्वतः कंपाइल केलेल्यासाठी /यूएसआर/लोकल. फक्त तुम्हालाच लागणारं असेल, किंवा रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार नसतील, तर होममधलं ‘.लोकल’. आधी ‘डीएफ -एच /’ नं मोकळी जागा पाहा. एसएसडी काठोकाठ भरली की तिचं लेखन मंदावतं, म्हणून दहा-पंधरा टक्के मोकळे राहू द्या. जागा कमी असेल तर प्रोग्रॅम एसएसडीवरच ठेवा आणि फोटो, व्हिडिओ, पूर्ण झालेली ड्रॉइंग हार्ड डिस्कवर हलवा. सॉफ्टवेअरसोबत येणारी काही जीबींची नमुना-लायब्ररीही हार्ड डिस्कवर नेता येते. फोल्डर हलवून जुन्या जागी ‘एलएन -एस’ नं सिम्लिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद, ठेवा. सिम्लिंकमुळे वाढणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो. पण ही सामाईक डिस्क माउंट झाली नाही तर ती लायब्ररीही दिसणार नाही, हे लक्षात ठेवा.

‘सिस्टीमच्या जवळ’ या समजुतीला इतिहासात थोडा आधार आहे. १९७० च्या दशकात पीडीपी-११ वर युनिक्स घडत होतं, तेव्हा मूळ डिस्क भरली आणि वापरकर्त्यांसाठीच्या दुसऱ्या डिस्कवर, म्हणजे /यूएसआरवर, प्रोग्रॅमही ठेवले जाऊ लागले. त्या काळी /बिन आणि /यूएसआर/बिन या खरोखर दोन वेगळ्या डिस्क होत्या. आज फेडोरा, उबुंटू, डेबियन यांवर /बिन हा /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारा सिम्लिंक आहे. ‘एलएस -एलडी /बिन’ करून पाहा, बाण दिसेल.

प्रश्न : दोन जागांमधला फरक स्वतः मोजायचा असेल तर कसा मोजावा? प्रत्येक वेळी वेगळाच आकडा येतो.
— वाचक, सांगली

उत्तर : वेगळे आकडे येतात ते पेज कॅशेमुळे. पहिली जागा थंड (फाइली अजून कॅशेत नाहीत) असताना मोजली आणि दुसरी गरम (फाइली कॅशेत आहेत) असताना, तर दुसरी नेहमीच जिंकणार. बहुतेक घरगुती चाचण्या इथेच फसतात.

थंड सुरुवात मोजायची असेल तर आधी ‘सिंक’ चालवा, म्हणजे लिहायची राहिलेली पानं डिस्कवर जातील. न लिहिलेली पानं कॅशेतून काढता येत नाहीत. मग ‘एको ३ | सुडो टी /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस’. इथे ‘सुडो एको ३ >’ असं लिहिलं तर परवानगी नाकारली जाते, कारण बाणाचं काम तुमचा शेल करतो आणि त्याच्याकडे रूटचे अधिकार नसतात. ‘टी’ (टी-ई-ई अशी तीन अक्षरांची आज्ञा) तेवढ्यासाठीच आहे. या आज्ञेनं डेटा जात नाही, फक्त पुढची काही मिनिटं सगळंच हळू वाटतं. आता ‘टाइम’ लावून प्रोग्रॅम चालवा, आकडा लिहून घ्या. प्रत्येक जागेसाठी हे पाच वेळा करा आणि मधला आकडा धरा.

गरम सुरुवातीसाठी ‘हायपरफाइन’ हे साधन बसवा. ‘--वॉर्मअप ३’ दिलं की ते आधी तीन फेऱ्या न मोजता चालवतं, मग मोजतं. त्यालाच ‘--प्रिपेअर’मध्ये वरची कॅशे साफ करण्याची आज्ञा दिली तर थंड चाचणीही होते. खिडकीवाले प्रोग्रॅम असे मोजताना एक चूक हमखास होते. ‘टाइम’ खिडकी उघडेपर्यंतचा वेळ देत नाही, ती बंद करेपर्यंतचा देतो. ‘--व्हर्जन’ लावून मोजणंही फसवं आहे, कारण तेवढ्यासाठी बरेचसे प्रोग्रॅम निम्म्या लायब्ररीसुद्धा वाचत नाहीत. शक्य असेल तिथे एक ठरलेली फाइल उघडून बाहेर पडणारी आज्ञा वापरा, जसं लिबरऑफिसला ‘--हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ’.

प्रश्न : ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल-२ मध्ये उबुंटू घेतलं आहे. प्रोजेक्ट /एमएनटी/सी खाली आहे. ‘गिट स्टेटस’ला आठ-दहा सेकंद आणि ‘एनपीएम इन्स्टॉल’ला चहा पिऊन येईपर्यंतचा वेळ लागतो. सहकाऱ्याच्या तशाच लॅपटॉपवर हे काही सेकंदांत होतं.
— वाचक, पुणे

उत्तर : पहिल्या प्रश्नाला आम्ही ‘नाही’ म्हटलं. इथे उत्तर ठाम ‘हो’ आहे. तुमच्या सहकाऱ्याचा प्रोजेक्ट बहुधा लिनक्सच्या होममध्ये असेल.

डब्ल्यूएसएल-२ म्हणजे एक छोटं आभासी मशीन. त्याची स्वतःची फाइल सिस्टीम ईएक्सटी४ असते आणि ती एका मोठ्या व्हीएचडीएक्स फाइलमध्ये राहते. /होम, /यूएसआर, /ऑप्ट सगळं तिच्यात. /एमएनटी/सी मात्र त्या मशीनबाहेरची विंडोजची डिस्क आहे, आणि तिच्याशी बोलणं ९पी नावाच्या जाळ्यावरच्या प्रोटोकॉलमधून होतं. प्रत्येक ‘ही फाइल आहे का’, ‘हिची तारीख काय’ यासाठी एक निरोप बाहेर जातो आणि उत्तर परत येतं. एनपीएमच्या ‘नोड_मॉड्यूल्स’ फोल्डरात तीस-चाळीस हजार फाइली असणं नेहमीचं आहे. प्रत्येकीमागे थोडी थोडी फेरी, त्यात विंडोजचा अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघणार. डिस्क एकच असूनही इतका फरक पडतो तो यामुळे.

उपाय सोपा आहे. ‘गिट क्लोन’ नव्यानं होममध्येच करा. जुनं फोल्डर कॉपी केलंत तर ओळीच्या शेवटची विंडोजची चिन्हं आणि फाइलींच्या परवानग्याही सोबत येतात आणि गिटला सगळ्या फाइली बदललेल्या दिसतात. ‘नोड_मॉड्यूल्स’ तर कधीच कॉपी करू नका. विंडोजवर बनलेली काही बायनरी लिनक्सवर चालत नाहीत. विंडोजच्या एक्सप्लोररमधून फाइली बघायच्या असतील तर त्या फोल्डरात ‘एक्सप्लोरर.ईएक्सई .’ लिहा. व्हीएस कोडसाठी त्याचं डब्ल्यूएसएल एक्स्टेन्शन बसवून ‘कोड .’ लिहा.

याच घरातली दुसरी कटकट म्हणजे टॅब दाबला की शेल थबकणं, आणि चुकीची आज्ञा लिहिली की ‘सापडली नाही’ म्हणायलाही वेळ लागणं. डब्ल्यूएसएल विंडोजचा पूर्ण पाथ (आज्ञा शोधायच्या डिरेक्टऱ्यांची यादी) लिनक्सच्या पाथला जोडतं. मग प्रत्येक शोधात त्या वीस-तीस डिरेक्टऱ्या ९पीवरून तपासल्या जातात. /ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ या फाइलीत [इंटरऑप] या मथळ्याखाली ‘अपेंडविंडोजपाथ=फॉल्स’ लिहा (अपेंड लहान अक्षरांत, विंडोजचा डब्ल्यू आणि पाथचा पी मोठा), आणि पॉवरशेलमधून ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ करून पुन्हा सुरू करा. त्यानंतर ‘कोड’ आणि ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ नुसत्या नावानं सापडणार नाहीत. त्यांचे पत्ते ‘.बॅशआरसी’मध्ये एलियस करून ठेवा.

सी ड्राइव्ह भरलेला असेल तर ती व्हीएचडीएक्स फाइल दुसऱ्या आतल्या एसएसडीवर ‘डब्ल्यूएसएल --एक्सपोर्ट’ आणि ‘--इम्पोर्ट’ करून हलवता येते. इम्पोर्टनंतर लॉगिन रूट म्हणून होतं. त्याच कॉन्फ फाइलीत [युजर] या मथळ्याखाली ‘डिफॉल्ट=’ पुढे तुमचं नाव लिहिलं की पूर्ववत होतं. एक्सपोर्टची फाइल उघडून, चालवून खात्री होईपर्यंत जुनी प्रत काढू नका.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ४० मशीन आहेत. विद्यार्थ्यांची होम डिरेक्टरी सर्व्हरवर आहे, एनएफएसनं, म्हणजे जाळ्यावरून फाइली पुरवणाऱ्या व्यवस्थेनं, येते. प्रत्येकानं आपापल्या होममध्ये पायथनचं कोंडा वातावरण (पॅकेजांचा स्वतंत्र संच) बसवलं आहे. तास सुरू झाला की ‘इम्पोर्ट’च्या एका ओळीला अर्धा-एक मिनिट लागतो, नंतर ठीक चालतं. सर्व्हरची डिस्क बदलावी का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डिस्कवर खर्च करण्याआधी प्रोग्रॅमची जागा बदला. दोष फाइलींच्या संख्येत आहे.

पायथन एक मॉड्यूल शोधताना त्याच्या यादीतल्या प्रत्येक डिरेक्टरीत डोकावतो आणि वेगवेगळ्या शेवटाची नावं शोधतो. मोठं वैज्ञानिक पॅकेज आणलं की अशा हजारो चौकशा होतात. स्थानिक डिस्कवर त्या मायक्रोसेकंदांत संपतात. एनएफएसवर मात्र प्रत्येक नवी चौकशी म्हणजे सर्व्हरपर्यंतची फेरी. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरा. २०,००० चौकशांचे झाले १० सेकंद, तेही सर्व्हर मोकळा असताना. चाळीस विद्यार्थी एकाच मिनिटात तीच ओळ चालवतात तेव्हा रांग लागते. ‘एसट्रेस -एफ -सी पायथन३ -सी "इम्पोर्ट नमपाय"’ चालवून पाहा. कर्नलला कोणती हाक किती वेळा गेली आणि किती ‘सापडलं नाही’ म्हणून परतल्या, ते कळेल. दुसरा आकडा बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

करायचं काय? प्रत्येक मशीनच्या स्थानिक डिस्कवर, समजा /ऑप्ट/लॅबपाय इथे, एकच सामाईक वातावरण बनवा. विद्यार्थ्यांच्या होममध्ये फक्त त्यांचा कोड राहू द्या. जुनं वातावरण ‘सीपी’नं उचलून नेऊ नका. त्यातल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पत्ता कोरलेला असतो, म्हणून ‘बॅड इंटरप्रीटर’ अशी तक्रार येते. एका मशीनवर यादी काढा (‘कोंडा एन्व्ह एक्सपोर्ट’) आणि बाकीच्यांवर ‘--प्रिफिक्स’ देऊन त्या यादीवरून नवं वातावरण उभं करा. कोंडाचा पॅकेज-साठा आणि वातावरण एकाच पार्टिशनवर असेल तर तो फाइलींचे हार्डलिंक बनवतो. वेगळ्या पार्टिशनवर असतील तर प्रत्येक फाइल खरोखर कॉपी होते, आणि वेळ व जागा दोन्ही जास्त लागतात.

मग एक पायरी बहुतेक जण विसरतात. पायथन प्रत्येक मॉड्यूल पहिल्यांदा वाचताना त्याचा बाइटकोड बनवतो आणि शेजारच्या ‘__पायकॅशे__’ फोल्डरात लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ते काम वाचतं. /ऑप्टमधलं फोल्डर रूटच्या मालकीचं असेल तर विद्यार्थ्याच्या खात्याला तिथे लिहिता येत नाही. पायथन मुकाट्यानं पुढे जातो, तक्रार करत नाही, आणि दर वेळी सगळं नव्यानं कंपाइल करतो. बरेचसे इन्स्टॉलर बाइटकोड आधीच बनवून ठेवतात, पण हातानं कॉपी केलेल्या किंवा झिपमधून उघडलेल्या पॅकेजांचा तो नसतो. म्हणून बसवून झाल्यावर एकदा रूट म्हणून, त्याच वातावरणातल्या पायथननं ‘पायथन३ -एम कंपाइलऑल /ऑप्ट/लॅबपाय/लिब’ चालवा. पायथनची आवृत्ती बदलली की हे पुन्हा करावं लागतं, कारण जुन्या आवृत्तीचा बाइटकोड नवीला चालत नाही.

स्थानिक डिस्क अजिबातच नसतील, तर निदान सॉफ्टवेअर होमपासून वेगळ्या, फक्त वाचनासाठीच्या एनएफएस माउंटवर ठेवा आणि तिथे ‘ॲकटाइमो=६००’ द्या. नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लायंट फाइलींची माहिती ३ ते ६० सेकंदच खरी मानतो आणि मग पुन्हा विचारतो. ज्या फोल्डरात सत्रभर काहीच बदलत नाही तिथे हे विचारणं वाया जातं. होमसाठी मात्र ही सेटिंग देऊ नका. एका मशीनवर जतन केलेली फाइल दुसऱ्यावर दहा मिनिटांपर्यंत जुनीच दिसू शकते.

‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये एनएफएसवरच्या डिरेक्टऱ्या कोंबल्या असतील तर त्याही काढा (हे नाव मोठ्या अक्षरांत). त्या असल्या की प्रत्येक प्रोग्रॅम, अगदी ‘एलएस’सुद्धा, सुरू होताना प्रत्येक लायब्ररी आधी तिथे शोधतो. त्याऐवजी तो पत्ता /ईटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मधल्या फाइलीत लिहून ‘सुडो एलडीकॉन्फिग’ केलं की तयार यादीतून लायब्ररी एका झटक्यात सापडते. कोंडाच्या लायब्ररींसाठी हे करू नका. सिस्टीमच्या प्रोग्रॅमना भलत्याच आवृत्त्या मिळतील.

प्रश्न : रॅम ३२ जीबी आहे. नेहमीचे प्रोग्रॅम /डेव्ह/एसएचएम मध्ये कॉपी करून तिथून चालवले तर वेग वाढेल का?
— वाचक, मडगाव

उत्तर : नाही. एकदा चालवलेला प्रोग्रॅम पेज कॅशेमुळे तुमच्या रॅममध्ये आहेच. कॉपी केल्यानं तो दोनदा रॅममध्ये बसेल. शिवाय मेमरी कमी पडली तर पेज कॅशेतली पानं कर्नल सहज सोडून देऊ शकतो. टीएमपीएफएसमधली (/डेव्ह/एसएचएम ही अशीच रॅममधली फाइल सिस्टीम) पानं सोडता येत नाहीत, ती स्वॅपमध्ये लिहावी लागतात. मशीन बंद केलं की सगळं जातं, ते वेगळंच.

रॅममधली डिस्क उपयोगी पडते ती लेखनाला, म्हणजे मोठं कंपाइल करताना बनणाऱ्या हजारो तात्पुरत्या फाइलींसाठी. तेव्हा बिल्डची डिरेक्टरी तिथे ठेवा. फेडोरावर /टीएमपी १८ व्या आवृत्तीपासून आणि डेबियनवर १३ व्या आवृत्तीपासून टीएमपीएफएसच असतं. काही प्रशासक /टीएमपी किंवा /डेव्ह/एसएचएम ‘नोएक्झेक’ (प्रोग्रॅम चालवायला बंदी) लावून माउंट करतात. तिथला प्रोग्रॅम एक्झिक्युट बिट असूनही ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो. फाइंडमाउंटच्या शेवटच्या रकान्यात ते दिसतं.

प्रश्न : एकच प्रोग्रॅम पॅकेजमधून /यूएसआर/बिनमध्ये आला आणि मी सोर्सपासून /यूएसआर/लोकल/बिनमध्येही बसवला. दुसरा स्पष्टपणे जलद आहे. मग डिरेक्टरीचा फरक पडतोच ना?
— वाचक, बंगळुरू

उत्तर : फरक दोन वेगळ्या बायनरींचा आहे. डिस्ट्रोचं (उबुंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या संचाचं) पॅकेज जुन्या प्रोसेसरवरही चालावं म्हणून बेताच्या सूचनासंचावर बनवतात. तुम्ही ‘-मार्च=नेटिव्ह’ किंवा ‘-ओ३’ दिलं असेल, किंवा आवृत्तीच नवी असेल, तर ते वेगात दिसणारच. खात्री करायची तर तुमची बायनरी उचलून तिसऱ्याच फोल्डरात ठेवा आणि तिथून मोजा. वेग तोच येईल.

एका डिरेक्टरीच्या नावाला मात्र लायब्ररींच्या बाबतीत खरा अर्थ आहे. जीलिबसी या लिनक्सच्या मूलभूत लायब्ररीच्या २.३३ आवृत्तीपासून (फेब्रुवारी २०२१) लोडर, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा भाग, ‘जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स’ या उपफोल्डरात प्रोसेसरला साजेशी प्रत आहे का ते आधी पाहतो. एव्हीएक्स२ हा सूचनासंच असलेल्या मशीनवर ‘एक्स८६-६४-व्ही३’ मधली लायब्ररी आपोआप उचलली जाते. तिथेही वेग येतो तो वेगळ्या कंपाइल केलेल्या कोडमुळेच.

तुम्ही काटेकोर मोजणारे दिसता, म्हणून आणखी एक गोष्ट. प्रोग्रॅमचा पत्ता आणि पर्यावरण-चलं कर्नल स्टॅकच्या टोकाशी ठेवतो, त्यामुळे त्यांची लांबी बदलली की स्टॅकची सुरुवात थोडी सरकते. २००९ मध्ये ॲस्प्लॉस परिषदेत मांडलेल्या एका संशोधनात नुसत्या पर्यावरण-चलांचा आकार बदलल्यानं ‘-ओ३ हे -ओ२ पेक्षा जलद आहे की नाही’ याचा निष्कर्षसुद्धा उलटू शकतो असं दिसलं. याचा अर्थ छोटं नाव जलद असा नाही. सरकणं कधी फायद्याचं ठरतं, कधी तोट्याचं, आणि आता पत्त्यांची यादृच्छिक मांडणी असल्यामुळे ते दर वेळी थोडं बदलतंच. दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर तीस फेऱ्यांची सरासरी काढल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नका.

प्रश्न : प्रोग्रॅम /यूएसआर/लोकल/बिनमधून /ऑप्टमध्ये हलवला, पाथमध्ये नवी डिरेक्टरी घातली, तरी बॅश ‘नो सच फाइल’ म्हणतो. सर्व्हिस म्हणून चालवलेला दुसरा एक तर ‘२०३/एक्झेक’ देऊन बंद पडतो.
— वाचक, बेळगाव

उत्तर : बॅश सापडलेल्या आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवतो. ‘हॅश -आर’ लिहा म्हणजे तो विसरेल. झेडएसएचमध्ये ‘रीहॅश’. दुसरी तक्रार फेडोरा किंवा तत्सम सिस्टीमवर असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेचं लेबल तपासा. होममधून ‘एमव्ही’नं हलवलेली फाइल होमचंच लेबल घेऊन येते आणि सर्व्हिस चालवणाऱ्या सिस्टमडीला ती चालवू दिली जात नाही. ‘एलएस -झेड’ (झेड मोठा) नं लेबल पाहा, ‘सुडो रिस्टोअरकॉन -आरव्ही /ऑप्ट/तुमचं-फोल्डर’ (आर मोठा) नं सुधारा. ‘सीपी’नं नेली असती तर नव्या जागेचं लेबल तिला मिळालं असतं.

प्रश्न : उबुंटू २२.०४ वर फायरफॉक्स पहिल्यांदा उघडताना फार वेळ घेतो. तो /स्नॅपमध्ये असल्यामुळे का? ॲपइमेजचंही तसंच दिसतं.
— वाचक, अकोला

उत्तर : अंशतः हो. /स्नॅपमधलं प्रत्येक फोल्डर म्हणजे दाबून लहान केलेली एक स्क्वॉशएफएस फाइल आहे. पहिल्या उघडण्यात वाचलेला प्रत्येक भाग प्रोसेसरला उलगडावा लागतो. जुना प्रोसेसर आणि हार्ड डिस्क असेल तर ते जाणवतं. उलगडलेली पानं रॅममध्ये राहत असल्यानं दुसऱ्यांदा तो वेळ लागत नाही. मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून साधं डेब पॅकेज मिळतं. ते घेताना एपीटीच्या प्राधान्य-फाइलीत त्या भांडाराला १००० गुण द्या, नाहीतर पुढच्या अपडेटला उबुंटू पुन्हा स्नॅप आणतं. आधी बुकमार्कची प्रत काढून ठेवा, स्नॅपचा प्रोफाइल वेगळ्या जागी असतो.

ॲपइमेज, म्हणजे एकाच फाइलीत येणारा प्रोग्रॅम, तर प्रत्येक वेळी सुरू होताना फ्यूजमार्फत नव्यानं माउंट होते. रोज लागत असेल तर तिला ‘--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट’ देऊन चालवा. ‘स्क्वॉशएफएस-रूट’ फोल्डर तयार होईल. ते /ऑप्टमध्ये हलवून आतली ‘ॲपरन’ चालवा. जागा दोन-तीन पट लागते आणि नवी आवृत्ती आली की हे हातानं पुन्हा करावं लागतं. २२.०४ वर ॲपइमेज मुळात उघडतच नसेल तर ‘लिबफ्यूज२’ हे पॅकेज बसवा. २४.०४ वर त्याचं नाव ‘लिबफ्यूज२टी६४’ आहे. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज मात्र बसवू नका. ते ‘फ्यूज३’ काढून टाकतं आणि त्यासोबत डेस्कटॉपचे काही भागही जाऊ शकतात.